नदीकाठची वाट बुडालीच पाहिजे

खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पुण्यात दोन गोष्टी ठरलेल्या. भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि तो बुडालेला बघायला शेजारच्या झेड पुलावर गर्दी होते. वर्तमानपत्रांत दरवर्षी तोच फोटो, आणि खाली दरवर्षी त्याच सुरातली ओळ, जणू काही विपरीत घडले. खरे तर भिडे पूल बुडतो तो आपल्या जातीला धरूनच. पात्राला चिकटून टाकलेला ठेंगणा कॉजवे तो. पूर अंगावरून जाऊ द्यायचा, पाणी उतरले की अडकलेला कचरा आणि गाळ काढायचा, रस्ता धुवायचा आणि वाहतूक सोडायची, एवढाच त्याचा संसार.

आता दुसरे चित्र. १५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो पुराने वाहून नेला नव्हता. गंजलेला सांगाडा होता आणि त्यावर पाऊस-पाणी बघायला आलेल्या माणसांची दाटी होती.

या दोन पुलांच्या मधे नदीसुधार प्रकल्पांवरून, म्हणजे नदीचे काठ बांधून तिथे वाटा-बागा करण्यावरून, चाललेल्या सगळ्या वादाचे मर्म आहे. बुडणे हा अपघात नाही. कोणत्या बांधकामाने बुडायचे आणि कोणत्याने बुडायचे नाही, हे आधी न ठरवणे हा अपघात आहे. नदीकाठी फिरायची वाट हवी, पायी ओलांडायचा पूल हवा, ही मागणी रास्त आहे. पण वाट जमिनीबरोबर, बुडेल अशीच हवी. पूल पुराच्या वर, लांब आणि उंच हवा. आणि या दोहोंच्या मधे मातीचा एकही भराव नको. आपल्याकडे नेमके उलटे होते. वाट 'पुरापासून वाचावी' म्हणून भिंत बांधून, भराव घालून उचलली जाते, आणि पूल 'खर्च वाचावा' म्हणून आखूड व ठेंगणा होतो.

पूररेषांपासून सुरुवात करू, कारण वाद तिथेच गढूळ होतो. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये दोन रेषांची पद्धत घालून दिली. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जे जास्त असेल त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, मैदान, हलकी पिके असले मोकळे वापरच चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. पुण्यात मुठा नदीसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेकची आणि लाल रेषा १ लाख क्युसेकची धरतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे निळ्या रेषेपर्यंत पाणी असताना सेकंदाला सुमारे १,७०० घनमीटर पाणी शहरातून जाते, लाल रेषेला सुमारे २,८३०.

'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार फसवणूक केली आहे. ऐकणाऱ्याला वाटते, २०११ ला आला, आता २०३६ पर्यंत निवांत. अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार. तीस वर्षे टिकावी म्हणून बांधलेल्या वाटेला तिच्या आयुष्यात असा पूर निदान एकदा भेटण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास निघते. म्हणजे निळ्या रेषेच्या आत जे काही बांधाल त्याला पूर 'आला तर' असा विचार करण्यात अर्थ नाही. तो येणारच आहे. आणि हा झाला फक्त मोठा पूर. धरणातून १५-२० हजार क्युसेक सुटणे ही तर मुठेची दर पावसाळ्यातली गोष्ट.

२५ जुलै २०२४ ला सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्गाला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले, लष्कराला बोलावावे लागले. आकडा निळ्या रेषेच्या साठ हजारांच्या निम्म्याहून थोडा जास्त. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, नदीत राडारोडा टाकून पात्र अरुंद केले. दुसरा म्हणतो, घरेच पूररेषेत आहेत, नदीने काय करावे? दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. पण ३५ हजाराला त्या जागी पाणी किती चढायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती चढले, हा तंट्याचा विषयच नाही. तो मोजून सांगता येतो. पुराच्या खुणा भिंतींवर महिनाभर दिसतात, तेवढ्यात डम्पी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन माणूस पाठवला की झाले. नदीकाठी कोणतेही नवे काम काढण्याआधी ही मोजणी हातात हवी. जुनाच हिशेब चुकला असेल तर नव्या कामाचा हिशेब कशाच्या आधारावर करणार?

आता भरावाचे गणित. सोयीसाठी पात्र आयताकृती धरू: पुराच्या वेळी रुंदी १५० मीटर, खोली ५ मीटर. दोन्ही काठांना वीस-वीस मीटर आत येऊन भिंत उभी केली, मागे माती भरली, वर फरशी टाकून सुंदर वाट केली. राहिली रुंदी ११० मीटर. उतार तोच, तळाचा खडबडीतपणा तोच आणि पाणीही तेवढेच. अशा वेळी खोली जुन्या आणि नव्या रुंदीच्या गुणोत्तराच्या ०.६ घाताने वाढते: ५ मीटरचे जवळजवळ ६ मीटर होतात. एक मीटर फुगवटा. हा एक मीटर वाटेवर फिरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. तो वरच्या अंगाला, भिंत जिथे अजून पोचलेली नाही त्या वस्तीच्या तळमजल्यात शिरतो.

यावर उत्तर तयार असते: आम्ही तळ खोल करू, काठ गुळगुळीत करू, त्यामुळे पाणी झपाट्याने निघून जाईल. कागदावर हे बरोबर आहे. काँक्रीटच्या काठाला घर्षण कमी, पाण्याला वेग जास्त. पण खोल केलेला तळ दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने पुन्हा भरतो आणि गाळ काढायचे टेंडर दरवर्षी निघेलच असे नाही. भिंत मात्र कायमची. शिवाय वेगाने गेलेले पाणी खालच्या गावाला लवकर आणि एकदम गाठते. साबरमतीच्या रिव्हरफ्रंटचा दाखला इथे हमखास दिला जातो. अहमदाबादेत वाळूचे, वर्षातले बरेच महिने कोरडे असणारे पात्र होते. आज तिथे दिसणारे भरलेले पाणी नर्मदेच्या कालव्याचे आहे आणि ते खाली वासण्याच्या बंधाऱ्याने अडवलेले आहे. मुठेच्या डोक्यावर चार धरणे, दोन्ही अंगांना टेकड्या, त्यांवरून धावत येणारे ओढे, आणि संगमावर मुळेचा फुगवटा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो कहर केला, त्यात धरणातल्या विसर्गाचा हात नव्हता. नदीकाठची भिंत असल्या ओढ्यांच्या तोंडाशी काय करणार, हा प्रश्न आराखड्यातल्या रंगीत चित्रांत कधीच नसतो. ओढ्याला भिंतीतून जायला दार ठेवले, तर नदी फुगल्यावर त्याच दारातून पाणी उलटे वस्तीत येते. झडप बसवली, तर ओढ्याचे पाणी भिंतीमागे साठते. मग पंप लागतात. वाट करायला निघालो होतो.

पुण्याच्या नदीसुधार प्रकल्पाची लांबी ४४ किलोमीटरच्या वर: मुळा २२.२, मुठा १०.४ आणि मुळा-मुठा ११.८. एवढ्या लांबीला सरसकट एकच छेद, म्हणजे काठाचा एकच आडवा आकार, ठरवणे हीच मुळात चूक. काही ठिकाणी काठ उंच आणि कातळाचा आहे, तिथे जिना सोडला तरी पुरे. काही ठिकाणी शंभर मीटर सखल पट्टा आहे, तिथे भिंतीचे नावही काढू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणाऱ्या, निळ्या रेषेतल्या रस्त्याबद्दल जो निकाल दिला, त्याचा धडाही हाच होता. हरकत रस्ता असण्याला नव्हती, पात्रात भराव घालून तो उचलण्याला होती.

मग बुडणारी वाट करायची कशी? 'काय, पेव्हर ब्लॉक टाकायचे' म्हणणाऱ्याला या कामापासून दूर ठेवावे. पेव्हरच्या सांध्यातली वाळू पहिल्याच पुरात निघते, मग एक ब्लॉक हलतो, त्याच्या शेजारचा मोकळा होतो आणि बघता बघता दहा-बारा चौरस मीटरचा खड्डा पडतो. डांबर दोन दिवस पाण्याखाली राहिले की खडी सोडते. नुसता मुरूम धुपतो. शहराच्या नदीला सगळ्यांत जास्त टिकते ते सांधे ठेवून ओतलेले काँक्रीट किंवा घाटासारखी काळ्या दगडाची जाड फरसबंदी. ओंकारेश्वरापासून वाईच्या कृष्णेपर्यंत जुने घाट काय आहेत? पुराखाली जाणारी आणि दर पावसाळ्यानंतर धुऊन वापरायची सार्वजनिक जागाच ती. नाशिकला गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगापर्यंत आला यावरून मोजतात. मूर्ती बुडते म्हणून ती उचलून वर ठेवावी असे कोणाला सुचलेले नाही.

छेद साधारण असा. वाटेची रुंदी ३ मीटर, सायकलीही जाणार असतील तर ४. वाटेचा पृष्ठभाग आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला, फार तर ५० मिलिमीटर वर. याचा अर्थ खाली जेवढे घालायचे तेवढे आधी खणून बाहेर काढायचे आणि निघालेली माती निळ्या रेषेच्या बाहेर नेऊन टाकायची. इथेच पहिली चोरी होते: खोदलेली माती शेजारीच पसरली जाते आणि 'लँडस्केपिंग' म्हणून बिल निघते. काळी माती असेल तर निदान अर्धा मीटर काढून त्या जागी मुरूम, थरावर थर दाबून. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, वरचे काँक्रीट तिच्याबरोबर वर-खाली होऊन तडकते. मुरमावर १०० मिलिमीटर पीसीसी (लोखंड न घातलेले साधे काँक्रीट), त्यावर १५० मिलिमीटर एम-३० प्रतीचे मजबूत काँक्रीट, दर तीन-साडेतीन मीटरला सांधा. आडवा उतार दोन टक्के, नदीकडे. म्हणजे पाणी उतरताना गाळ थोडा तरी स्वतःहून निघतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा भाग मात्र दिसत नाही. वाटेच्या दोन्ही कडांना जमिनीत निदान ६०० मिलिमीटर खोल उतरणारी काँक्रीटची पडदी हवी. पाणी वाटेवरून आडवे जाते तेव्हा ते पलीकडच्या कडेवरून खाली पडते, आणि पडताना कडेखालची माती उकरते. दोन तासांत कडेखाली पोकळी, चार तासांत स्लॅब अधांतरी, मग मधोमध मोडतो. पुरानंतर आपल्याला मोडलेला स्लॅब दिसतो आणि 'काँक्रीट निकृष्ट' अशी बातमी होते. काँक्रीट बऱ्याचदा ठीक असते. पडदी नसते. जिथे वाट वळते किंवा ओढा ओलांडते, तिथे पडदी एक मीटरपर्यंत न्यावी आणि खालच्या बाजूला दगडाच्या जाळीपेट्या बसवाव्यात.

कठडा हा दुसरा शत्रू. बुडणाऱ्या वाटेला कठडा शक्यतो नकोच. जिथे पडण्याची खरी भीती आहे तिथे उभ्या गजांचा, पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येईल असा. जाळीचा कठडा म्हणजे जलपर्णीला आमंत्रण. पहिल्या तासात जाळी भरते आणि कठड्याची भिंत होते. बाक ठेवायचे ते दगडाचे, तळाशी पायात जखडलेले. लाकडी किंवा फायबरचे बाक तरंगतात आणि खालच्या पुलाच्या पिअरला, म्हणजे पात्रातल्या खांबाला, जाऊन अडकतात. दिव्यांचे खांब ठेवायचे असतील तर जोडणीच्या पेट्या आणि वितरणाचे कपाट लाल रेषेच्या वर, आणि वाटेचा पूर्ण पट्टा एका बटणावर बंद होईल असा. खरे तर नदीकाठी रात्रभर प्रकाश कशाला हवा, हाही प्रश्न आहे. पण तो वटवाघळांच्या आणि माशांच्या बाजूने विचारायचा प्रश्न असल्याने बैठकीत कोणी विचारत नाही.

झाडे? वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही काठाची झाडे पुरात वाकतात, मुळांनी काठ धरतात. ती तोडून गुलमोहर लावणारा आराखडा परत पाठवावा. पण झाडांची ओळ प्रवाहाला आडवी नको, समांतर हवी. वाटेने झाडाला वळसा घालावा.

आता पूल. पहिला प्रश्न उंचीचा. रस्ते-पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार सेकंदाला ३०० ते ३,००० घनमीटर विसर्गाच्या नदीवर पूरपातळी आणि पुलाचा तळ यांत निदान १,२०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. मुठेची निळी आणि लाल, दोन्ही रेषा याच गटात बसतात. ही जागा पाण्यासाठी नसते, पाण्यावरून येणाऱ्या ओंडक्यांसाठी आणि जलपर्णीच्या गाद्यांसाठी असते. आमचे मत स्पष्ट आहे: पादचारी पुलाची उंची लाल रेषेवरून मोजावी, निळीवरून नव्हे. वाट बुडाली तर लोक घरी बसतील. पूल बुडाला तर पूल जाईल.

का जाईल, ते आकड्यात बघा. पिअरवर वाहत्या पाण्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे: ५२ गुणिले के गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर दर चौरस मीटरला किलोग्रॅममध्ये. के हा पिअरच्या आकारावर ठरणारा आकडा: चौकोनी तोंडाला १.५, गोल तोंडाला ०.६६. वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर चौकोनी पिअरवर दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलो, गोल पिअरवर सुमारे ३१०. नुसत्या आकाराने दाब निम्म्याहून खाली. वाईला अठराव्या शतकात सरदार रास्त्यांनी ढोल्या गणपतीचे देऊळ कृष्णेच्या काठाशी बांधले तेव्हा त्याची मागची भिंत प्रवाहाच्या तोंडाला माशासारखी निमुळती केली, पूर दुभंगून जावा म्हणून. सूत्र नंतर आले.

हेच गणित बुडालेल्या पुलाला लावू. ६० मीटर लांबीचा गाळा (दोन आधारांमधला पूल), कठडा १.२ मीटर उंच आणि जलपर्णीने भरलेला. क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. वेग तोच. आडवा रेटा पन्नास टनांवर जातो. सूत्र पिअरसाठीचे आहे, पण अंदाजाला पुरे. बेअरिंगवर, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या आधारगादीवर, नुसता ठेवलेला पूल या रेट्याने बाजूला सरकतो. त्यात गर्डरच्या (पुलाच्या तुळयांच्या) मधे हवा कोंडली तर पूल उचललाही जातो, कारण वजनातून उत्प्लावन, म्हणजे पाण्याचा वर उचलणारा जोर, वजा होते. म्हणून उंची ठेवली तरीही दोन गोष्टी कराव्यात: आडवे सरकू न देणारे अटकाव आणि वर उचलू न देणारे बोल्ट. या लोखंडाची किंमत पुलाच्या एकूण खर्चात दिसतही नाही.

पाया. दख्खनच्या नद्यांना एक वरदान आहे: कातळ फार खोल नसतो. वाळूच्या नद्यांसाठी लेसीचे सूत्र वापरून खरवडीची, म्हणजे पूर तळ किती उकरेल त्याची, खोली काढतात आणि पिअरपाशी ती दुप्पट, अबटमेंटपाशी (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीपाशी) १.२७ पट धरतात. आपल्याकडे प्रश्न वेगळा असतो. चाचणीचा बोअर (भोक) घेतला त्या जागी कातळ तीन मीटरवर लागतो, पिअर उभा राहतो त्या जागी कातळाला खाच असते आणि तिच्यात गाळ. म्हणून प्रत्येक पिअरच्या जागी स्वतंत्र बोअर, 'दोन काठांना दोन' असा नव्हे. कठीण कातळात पाया किमान ०.६ मीटर रुतायला हवा, मऊ किंवा कुजलेल्या कातळात दीड मीटर. कुजलेला मुरमाड थर कातळ म्हणून खपवला गेला, की पुढचे सगळे हिशेब व्यर्थ.

आणि आता ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो भाग: जोडरस्ता. पूल उंच केला की दोन्ही टोकांना उतार लागतो. काठाच्या जमिनीपासून पूल साडेचार मीटर वर असेल, तर १:१२ च्या उताराला ५४ मीटर लांबी लागते, त्यात दर ९ मीटरला विसावा धरला की साठीच्या पुढे. सायकलीसाठी आणि म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी १:२० केला तर ९० मीटर. ही लांबी पूरपट्ट्यात पडते. ठेकेदाराला सोपे काय, तर दोन भिंती उभ्या करून मधे माती भरणे. झाला नदीला आडवा बांध. मधला ६० मीटरचा देखणा पूल पाणी जाऊ देतो आणि त्याचे दोन्ही हात पाणी अडवतात. जे पाणी काठावरून पसरून शांतपणे जात होते ते सगळे मधल्या दारात गोळा होते, वेग वाढतो, अबटमेंटचा कोपरा खरवडतो. पहिल्या मोठ्या पुरात पूल जागेवर आणि जोडरस्ता गायब, असे दृश्य ग्रामीण महाराष्ट्रात शेकड्यांनी दिसते.

उपाय दोन. एक, उतार मातीवर न करता खांबांवर, आठ-दहा मीटरच्या गाळ्यांत, खालून पाणी जाईल असा. दोन, आणि हा जास्त चांगला: पूल नदीच्या काठापासून काठापर्यंत न करता रस्त्यापासून रस्त्यापर्यंत करणे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी शहराचा रस्ता पूरपट्ट्याहून उंच आहे. पूल त्याच पातळीवर निघाला तर उताराची गरजच जवळजवळ संपते. खालच्या वाटेवर उतरायला एक जिना आणि खांबांवरचा एक उतार सोडायचा, बुडला तर बुडला. लोखंड जास्त लागेल, हो. पण भूसंपादन, भिंती, भराव आणि पुढच्या वीस वर्षांची डागडुजी वाचते.

माणसांच्या वजनाचा हिशेब कुंडमळ्यानंतर तरी मोकळेपणाने व्हावा. संकेतात पादचाऱ्यांसाठी दर चौरस मीटरला ४०० किलो, आणि तीर्थक्षेत्र किंवा जत्रेच्या गावाजवळ ५०० किलो भार धरायला सांगितले आहे. आपल्याकडे कोणते शहर जत्रेचे नाही? ३ मीटर रुंद, ६० मीटर लांब पुलाला ५०० ने ९० टन होतात. विसर्जनाच्या दिवशी पुलावर ढोल-ताशाचे पथक उभे राहिले तर फक्त वजन मोजून भागत नाही, ठेकाही मोजावा लागतो. माणूस साधारण सेकंदाला दोन पावले टाकतो. पुलाची उभी कंपनसंख्या त्याच्या आसपास असेल तर पूल पावलांना साथ देऊ लागतो. आडव्या दिशेला हाच आकडा सेकंदाला एक. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडल्यावर दोन दिवसांत बंद करावा लागला तो या आडव्या डुलण्यामुळेच. डुलणे शोषून घेणारे शामक बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. लंडनच्या लोकांकडे ताशेही नव्हते.

दुचाकींचे काय? प्रवेशाला खुंट लावा, असे सुचवले जाते. व्हीलचेअर जायला दोन खुंटांत ९०० मिलिमीटर अंतर लागते. तेवढ्यातून कोणतीही स्कूटर आरामात जाते. म्हणजे खुंटांनी दुचाकी थांबणार नाही. ती येणार असे धरून भार मोजा, आणि गर्दीच्या दिवशी दोन्ही टोकांना माणूस उभा करा. फलक लावून जबाबदारी संपत नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला आणि १३५ माणसे गेली. चौकशीत निघाले की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच तुटलेल्या होत्या. नूतनीकरण नुकतेच झाले होते. बहुधा जे दिसते त्याचे.

नदीप्रेमी मंडळींशीही एक भांडण आहे. 'निळ्या रेषेत काहीही नको' ही त्यांची भूमिका कायद्याच्या दृष्टीने भक्कम आणि व्यवहारात भाबडी. ज्या काठावर माणूस फिरकत नाही त्या काठावर रात्री डंपर फिरकतो. आज भराव पडलेल्या जागा बघा: बहुतेक अशा, की जिथे जायला वाटच नाही आणि काय चालले आहे ते कोणाला दिसत नाही. रोज सकाळी दोनशे माणसे चालत असलेल्या काठावर राडारोड्याची एक ट्रॉली पडली तरी फोटो निघतो. वाट ही नदीची राखण आहे. फक्त राखणदाराने घर बळकावू नये.

याचे सुरेख उदाहरण हॉलंडमध्ये नायमेगेनला आहे. वाल नदीला जागा कमी पडत होती म्हणून त्यांनी लेंटच्या बाजूचा बांध ३५० मीटर मागे नेला, नदीला समांतर नवा फाटा खणला, आणि पूरपातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने खाली आणली. त्या नव्या पूरपट्ट्यात एक छोटा पादचारी पूल आहे, झालिखब्रुख. तो मुद्दाम असा केला आहे की पाणी वाढले की त्याच्याकडे जाणारी वाट बुडते. मग काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांवर पाय ठेवत जायचे. आणखी वाढले की पूल बेटासारखा एकटा उरतो आणि लोक काठावरून बघतात. जानेवारी २०१८ च्या पुरात तिथे फोटो काढायला झुंबड उडाली होती. तिथे पुराचा वेग आणि कचरा मुठेपेक्षा सौम्य, त्यामुळे तीच नक्कल इथे चालणार नाही. पण क्रम लक्षात घ्या: आधी नदीला जागा दिली, मग त्या जागेत वाट काढली.

अमेरिकेत पूरवाहिनीच्या पट्ट्यात काहीही बांधायचे असेल तर अभियंत्याला सही करून द्यावे लागते की पूरपातळी शून्याने वाढेल. 'थोडी वाढेल', 'नगण्य वाढेल' असले शब्द चालत नाहीत. असा एक कागद इथेही सक्तीचा करावा आणि त्याच्या मागचे पुराचे गणिती प्रारूप लोकांसमोर ठेवावे: दर ५० मीटरला पात्राचा छेद, सगळे जुने-नवे पूल त्यात धरलेले, ओढ्यांचे पाणी मिळवलेले, आणि गाळ्यांचा एक-तृतीयांश भाग कचऱ्याने तुंबला आहे असे धरून एकदा पुन्हा चालवलेले. सगळे पूल स्वच्छ आणि तळ नुकताच उपसलेला धरून काढलेला निकाल फक्त उद्घाटनाच्या दिवसापुरता खरा असतो.

देखभालीसाठी बांधकाम खर्चाच्या दोन टक्के रक्कम दरवर्षी वेगळ्या शीर्षाखाली ठेवावी, असे आम्ही सुचवू. पैकी सगळ्यांत निकडीचा खर्च गाळाचा. पाणी उतरल्यावर गाळ ओला असतो तेव्हा आगीच्या बंबाच्या पाइपने दोन माणसे दिवसाला बरीच लांबी धुतात. आठवड्याने तोच गाळ वाळून वीट होतो आणि त्याला फावडे, ट्रॅक्टर, पंधरा मजूर लागतात. बेअरिंगही त्याच वेळी धुवायचे. ६० मीटर लोखंड हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तीस-बत्तीस मिलिमीटर वाढते. बेअरिंग गाळाने जाम झाले तर ही वाढ पिअरचे डोके फोडून जागा करून घेते.

राहिली वाटेची फाटके. बुडणारी वाट करायची म्हणजे ती वेळेवर रिकामी करता आली पाहिजे. खडकवासला ते डेक्कन नदीच्या वळणांनी साधारण पंधरा किलोमीटर. पाणी सेकंदाला दोन मीटरने आले तरी दोन तास, आणि पुराची लाट पाण्याच्या वेगाच्याही पुढे धावते. म्हणजे दोन तासही नाहीत असे धरून चालावे. विसर्गाचा निर्णय मध्यरात्री होतो. त्या वेळी दहा किलोमीटरच्या वाटेवर वीसेक प्रवेश असतील, प्रत्येकाला फाटक असेल. फाटकाला कुलूप कोण लावणार, त्याआधी वाटेवर झोपलेल्या माणसाला कोण उठवणार, पुलाखाली लावलेली टेम्पोची रांग कोण हलवणार, आणि धरणावरच्या अभियंत्याचा फोन या माणसाला थेट येणार की चार साहेबांच्या मार्फत? आराखड्यात कारंज्याचे नेपथ्य सहा पानांत असते. या माणसाचे पद, त्याची पाळी आणि त्याच्याकडच्या किल्ल्यांचा जुडगा, यांसाठी अर्धे पान मागून बघा.